पहिल्या कादंबरीचे पैसे: कोण देतं, कधी देतं आणि हातात किती पडतात?

शाईवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

चार वर्षं खपून एक कादंबरी पूर्ण केली, इंग्रजीत. ६२ साहित्य-एजंटांना, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणाऱ्यांना, पत्रं पाठवली. ४१ जणांकडून 'साभार परत', २० जणांकडून काहीच नाही आणि गेल्या आठवड्यात एकीचा होकार आला. दोन तास फोनवर बोललो. तेराव्या प्रकरणातली आजी एक शब्दही का बोलत नाही, असं तिने विचारलं आणि मला कळलं की हिने बाड खरोखर वाचलंय.

आता तिचा करारनामा आलाय. त्यात लिहिलंय की प्रकाशकाकडून येणारी प्रत्येक रक्कम एजन्सीच्या खात्यात जमा होईल आणि १५ टक्के कापून उरलेली मला मिळेल. घरी सगळे विचारतायत, "मग एजंट तुला किती देणार?" मला धड उत्तर देता येत नाही. प्रकाशक जो ॲडव्हान्स देतो तो एकरकमी असतो का? पुस्तक खपलंच नाही तर परत करावा लागतो का? आणि मुख्य म्हणजे पैसे कधी येतात? पुनर्लेखनासाठी सहा महिने बिनपगारी रजा घ्यायचा विचार आहे, म्हणून जरा जीव टांगणीला लागलाय.

टाचणी
मनापासून अभिनंदन! एजंट तुम्हाला काहीच देत नाही. पैसे प्रकाशक देतो, एजंट त्यातला तिचा हिस्सा घेते. आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून तिला एक छदामही द्यायचा नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

अर्धविराम
६२ पत्रं! मी तीन 'साभार परत' नंतर बाड माळ्यावर टाकलं होतं. आज उतरवतो.

जुना_मुद्रितशोधक
शाईवालीताई, आधी अभिनंदन. छापखाना आणि प्रकाशन यात माझी उभी हयात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हे पैसे एजंटच्या हातून का येतात, ते समजायला मागे जावं लागेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नवख्या लेखकाला साधारण दोन मार्ग होते. एक, हक्क कायमचे विकून एकदाच रक्कम घ्यायची. दुसरा, 'निम्मा नफा'. छपाई, कागद, जाहिरात यांचा खर्च वजा जाता जो नफा उरेल तो प्रकाशक आणि लेखकात निम्मा निम्मा. ऐकायला छान, पण खर्चाची वही प्रकाशकाकडे. खर्च इतका फुगायचा की वाटायला काही उरायचंच नाही. वॉल्टर बेझंट यांनी १८८४ साली लंडनमध्ये लेखकांची संस्था काढली, सोसायटी ऑफ ऑथर्स, ती याच रागातून. त्याच सुमारास ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थाने लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करायचा धंदा सुरू केला. तो १० टक्के घ्यायचा. शंभरएक वर्षं तोच दर राहिला, आता सगळीकडे १५ झालाय. परदेशी भाषांतराच्या हक्कांवर २०, कारण त्यात तिकडच्या एजंटलाही वाटा द्यावा लागतो.

म्हणजे एजंट तुमची माणूस आहे, प्रकाशकाची नाही. पैसे तिच्यामार्फत येतात कारण हिशेब तपासून घेणं हे तिचं काम आहे. मात्र एक गोष्ट तिला जरूर विचारा: लेखकांचे पैसे ठेवायला एजन्सीचं वेगळं खातं आहे का? एजन्सीचं भाडं, पगार ज्या खात्यातून जातात त्याच खात्यात तुमचे पैसे पडत असतील, तर एजन्सी अडचणीत आली की तुमचे पैसेही बुडायची भीती.

शाईवाली
काका, वेगळ्या खात्याचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. विचारते. मनापासून आभार.

हिशेबनीस
आता आकडेमोड. आकडे गोल घेतोय, म्हणजे समजायला सोपं.

ॲडव्हान्स म्हणजे पुढच्या रॉयल्टीपोटी (खपलेल्या प्रतींमागे लेखकाला मिळणाऱ्या हिश्श्यापोटी) दिलेली आगाऊ रक्कम. रॉयल्टीतून ती पूर्ण वळती झाली की ॲडव्हान्स 'फिटला', त्यानंतरच पुढचे पैसे. समजा प्रकाशकाने १२,००० डॉलर ॲडव्हान्स कबूल केला. हे पैसे एकदम येत नाहीत. बहुतेक करारात तीन हप्ते असतात: सही झाल्यावर एक, अंतिम बाड 'स्वीकारल्यावर' दुसरा, पुस्तक बाजारात आल्यावर तिसरा. काही जण चार करतात आणि चौथा साध्या बांधणीची आवृत्ती निघाल्यावर देतात. तीन धरले तर प्रत्येकी ४,०००. एजंटचे ६०० गेले, ३,४०० राहिले. तिन्ही मिळून १०,२००, आणि अजून कर कापला जायचाच आहे.

आता वेळ. प्रकाशकाने तोंडी होकार दिल्यापासून करारनामा सहीला यायलाच दोन-चार महिने सहज जातात. सही झाली की त्यानंतर काही आठवड्यांनी पहिला हप्ता. होकारापासून पुस्तक दुकानात यायला दीड ते दोन वर्षं. म्हणजे १०,२०० हा दोन वर्षांचा आकडा आहे, एका वर्षाचा नाही. आणि ताई, तुमच्या बाबतीत अजून प्रकाशकच मिळालेला नाही. बाड प्रकाशकांकडे फिरायला किती महिने लागतील, घेतील की नाही, हे एजंटलाही माहीत नसतं. रजेचा विचार करताना हे पहिल्यांदा धरा.

ॲडव्हान्स परत करावा लागतो का? पुस्तक खपलं नाही म्हणून परत मागत नाहीत. ती जोखीम प्रकाशकाची. पण बाड दिलंच नाही, किंवा दिलेलं बाड करारातल्या अटींप्रमाणे नाकारलं गेलं, तर मागू शकतात. २०१२ साली पेंग्विनने न्यूयॉर्कमध्ये काही लेखकांवर दावे लावले होते, ॲडव्हान्स घेऊन पुस्तकं दिली नाहीत म्हणून.

पाणवठा
सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. १५ टक्के कशासाठी? आणि तेही पुस्तक चालू असेपर्यंत कायम? उद्या एजंटशी पटलं नाही, तिला सोडलं, तरी या पुस्तकाच्या प्रत्येक हप्त्यातले १५ तिला जातच राहणार. छोटे प्रकाशक थेट लेखकाचं बाड वाचतात. माझी पहिली कादंबरी मी एजंटशिवाय दिली. १०० टक्के माझे.

टाचणी
पाणवठा, १०० टक्के कशाचे ते पण सांगा की.

पाणवठा
सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. ॲडव्हान्स नव्हता. रॉयल्टी १० टक्के, आणि मी खुशीत सही केली, कारण मोठे प्रकाशकही १० देतात असं वाचलं होतं. पहिला हिशेब आला तेव्हा कळलं की माझे १० 'नेट'वर आहेत, छापील किमतीवर नाहीत. दुकानदाराचं आणि वितरकाचं कमिशन वजा जाता प्रकाशकाच्या हातात जे पडतं, त्याचे १०. म्हणजे छापील किमतीच्या जेमतेम ५. करारात तो शब्द स्पष्ट होता, मीच वाचला नाही. पण मला अजूनही वाटतं की हे मी एखाद्या वकिलाला दाखवलं असतं तरी भागलं असतं. कायमचे १५ टक्के द्यायची गरज नव्हती.

हिशेबनीस
पाणवठा, हे मोकळेपणाने लिहिलंत ते फार बरं केलंत. नवख्यांचा इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो.

२५ डॉलर छापील किमतीचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक धरा. छापील किमतीवर १० टक्के म्हणजे प्रतीमागे अडीच डॉलर. १२,००० चा ॲडव्हान्स फिटायला ४,८०० प्रती खपायला हव्यात. तेच १० टक्के नेटवर असतील आणि प्रकाशकाला साडेबारा डॉलर मिळत असतील, तर प्रतीमागे सव्वा डॉलर. ॲडव्हान्स फिटायला ९,६०० प्रती. टक्का तोच, प्रती दुप्पट.

अमेरिकेत मोठ्या प्रकाशकांचा रूढ दर असा: पुठ्ठा बांधणीत पहिल्या ५,००० प्रतींवर छापील किमतीच्या १० टक्के, पुढच्या ५,००० वर साडेबारा, त्यापुढे १५. साध्या बांधणीत साडेसात. ई-पुस्तकावर मात्र नेटच्या २५ टक्के. वकील बरोबर शब्द वाचेल, पण सहा प्रकाशकांपुढे बाड ठेवून दर वाढवून घेणं त्याचं काम नाही. एजंट ते करते.

कोरा_कागद
मला इथे एक सांगितल्यावाचून राहवत नाही. तीन वर्षांपूर्वी मला एका 'एजंट'चा होकार आला होता. पत्र फार गोड. दुसऱ्या पत्रात वाचनखर्च मागितला, तिसऱ्यात 'संपादनाचं पॅकेज', चौथ्यात पुस्तक-मेळ्यात मांडणी करायचे पैसे. मी दोन वेळा पैसे भरले. आईच्या औषधासाठी ठेवलेल्यातून भरले, हे लिहिताना अजून हात थरथरतो. त्या माणसाने माझं बाड एकाही प्रकाशकाला दाखवलं नव्हतं. मी शेवटी विचारलं, कुणाकुणाला पाठवलंत ती यादी द्या, तर उत्तरच बंद झालं.

शाईवालीताई, तुमच्या करारात कुठेही 'आधी भरा' असेल तर पळा. पैसा लेखकाकडे यायला हवा, लेखकाकडून जायला नको.

सांजवात
कोरा_कागद, वाचून गलबलून आलं. तुमची चूक नाही त्यात. स्वप्न दाखवून लुटणाऱ्याची आहे.

अमेरिकेत एजंटांची जी संघटना आहे तिच्या आचारसंहितेत वाचनखर्च घेण्याला मनाई आहे. खरा एजंट पुस्तक विकलं तरच कमावतो, नाही विकलं तर त्याची मेहनत फुकट गेली. फोटोकॉपी, टपाल असा किरकोळ खर्च काही एजन्सी नंतर येणाऱ्या पैशातून वळता करतात, पण तोही करारात लिहिलेला असतो आणि त्याला मर्यादा घातलेली असते.

अर्धविराम
कोरा_कागद, तुमचं बाड कुठे आहे आता? निदान आम्हाला तरी दाखवा.

कोरा_कागद
आहे. परत लिहायला घेतलंय. दुसऱ्या भागावर आहे.

सांजवात
थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. जेन ऑस्टेनचे हिशेब मला फार जवळचे वाटतात. तिने पहिल्यांदा विकलेली कादंबरी म्हणजे 'सुझन'. १८०३ साली प्रकाशकाने दहा पौंडांना हक्क घेतले आणि पुस्तक छापलंच नाही. तेरा वर्षं बाड पडून. १८१६ मध्ये त्याच दहा पौंडांना घरच्यांनी ते परत विकत घेतलं आणि ते बाहेर आलं ती गेल्यानंतर, 'नॉर्दॅंगर ॲबी' म्हणून.

मध्यंतरी १८११ साली 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' तिने स्वतःच्या जोखमीवर छापवून घेतलं. नुकसान झालं तर तिचं, नफा झाला तर तिचा, प्रकाशक फक्त कमिशन घेणार. १४० पौंड उरले. मग 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले. तिला १५० हवे होते. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, त्यातलं तिला काही मिळालं नाही.

हे सांगायचं कारण असं की ठोक रकमेत हक्क विकणं आजही नवख्यांपुढे ठेवलं जातं. ॲडव्हान्स 'रॉयल्टीपोटी' आहे की 'हक्कांपोटी', हा एक शब्द करारात शोधा. पहिल्यात पुस्तक पुढे चाललं तर तुम्हाला पैसे येत राहतात. दुसऱ्यात दार कायमचं बंद. आणि दुसरं म्हणजे, अमुक महिन्यांत पुस्तक छापलं नाही तर हक्क लेखकाकडे परत, हे कलम हवंच. दोनशे वर्षांपूर्वी तेवढं एक कलम असतं तर ते बाड तेरा वर्षं धूळ खात पडलं नसतं.

जुना_मुद्रितशोधक
सांजवात, काय सुंदर सांगितलंत. हे पौंडांचे आकडे मी कित्येकांना तोंडपाठ म्हणून दाखवलेत.

पानगळ
नवीन प्रश्न टाकते. ॲडव्हान्स जितका मोठा तितका चांगला, असंच ना? माझ्या मैत्रिणीला मोठा मिळाला, तिचं पुस्तक प्रकाशकाने जोरात चालवलं. जास्त पैसे अडकले की प्रकाशक जास्त झटतो.

दोनदा_छापलेली
पानगळ, हे निम्मं खरं आहे. माझ्या दोन कादंबऱ्या आल्या, म्हणून अनुभवाने लिहिते.

मोठ्या ॲडव्हान्सचं पुस्तक प्रकाशक पुढे करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तो फिटला नाही तर दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तोच आकडा तुमच्या आड येतो. संपादिकेला पुस्तक आवडलं तरी तिला वरच्यांपुढे पहिल्याचा खप मांडावा लागतो. माझा पहिला ॲडव्हान्स मध्यम होता, १२,०००. योगायोगाने हिशेबनीसांनी तोच आकडा घेतलाय. माझा पहिला हिशेब इथे उलगडते, कारण तो कागद हातात आला तेव्हा मी रात्रभर त्याच्याकडे बघत बसले होते आणि मला काही कळलं नव्हतं.

सहामाही हिशेब. डिसेंबरअखेरचा कागद एप्रिलमध्ये आला.
पाठवलेल्या प्रती ३,०००. परत आलेल्या २००. निव्वळ २,८००.
त्याखाली 'राखीव' ७००.
रॉयल्टीपात्र प्रती २,१००, प्रतीमागे अडीच डॉलर, म्हणजे ५,२५०.
ई-पुस्तकं, नेट ४,००० चे २५ टक्के, १,०००.
एका भाषेतल्या भाषांतराचे हक्क २,००० ला विकले, त्यातला लेखिकेचा ७५ टक्के वाटा १,५००.
एकूण जमा ७,७५०. वजा ॲडव्हान्स १२,०००. शिल्लक: उणे ४,२५०. देय: शून्य.

मला वाटलं, मी प्रकाशकाचं ४,२५० चं देणं लागते. रडायचीच बाकी होते. एजंटला फोन केला तर तिने शांतपणे एकेक ओळ समजावली. उणे म्हणजे देणं नाही, फिटायचं बाकी आहे इतकंच. 'राखीव' म्हणजे दुकानातून उद्या परत येतील या धास्तीने बाजूला ठेवलेल्या प्रती, कारण पुस्तकाच्या धंद्यात दुकानदार न खपलेला माल परत पाठवू शकतो. महामंदीच्या काळात अमेरिकेत दुकानं माल उचलेनात, तेव्हा ही सवलत दिली ती कायमची बसली. त्या ७०० पैकी ज्या परत येत नाहीत त्यांचे पैसे पुढच्या हिशेबांत सुटतात. माझ्या ४५० सुटल्या.

फिटायला दोन वर्षं लागली. त्यानंतरचा पहिला चेक ३१२ डॉलरचा होता. तो मी वटवण्याआधी आठवडाभर आरशापाशी लावून ठेवला होता.

शाईवाली
दोनदा_छापलेली, हा तक्ता मी वहीत उतरवून घेतला. 'उणे' बघून मीही घाबरले असते.

हिशेबनीस
त्या कागदातली भाषांतराची ओळ पुन्हा वाचा सगळ्यांनी. प्रकाशकाकडे जगभरचे हक्क होते, म्हणून ताईंचे १,५०० ॲडव्हान्स फेडण्यात गेले. तेच हक्क एजंटने करारातून राखून ठेवले असते, तर २,००० मधून २० टक्के कमिशन जाऊन १,६०० थेट हातात पडले असते, त्याच वर्षी. ॲडव्हान्सशी त्यांचा संबंधच आला नसता.

दोनदा_छापलेली
हो. दुसऱ्या पुस्तकाला तसंच केलं. पण पहिल्याच्या वेळी प्रकाशकाने जगभरचे हक्क मागितले म्हणूनच ॲडव्हान्स १२ वर गेला होता, नाहीतर ८ वर थांबला असता. तेव्हा मला पैशांची निकड होती. मला त्याचा पस्तावा नाही.

हिशेबनीस
बरोबर आहे, मी फक्त आकड्याकडे बघत होतो. निकड असेल तर आज येणाऱ्या ४,००० ची किंमत वेगळी.

टाचणी
हक्कांवरून स्टीफन किंगची गोष्ट. पहिली कादंबरी 'कॅरी', डबलडेने १९७३ साली घेतली, ॲडव्हान्स २,५०० डॉलर. तेव्हा तो शाळेत शिकवत होता. मग साध्या बांधणीचे हक्क दुसऱ्या प्रकाशकाला ४,००,००० ला विकले गेले आणि करारानुसार निम्मे त्याचे, २,००,०००. नोकरी सुटली ती त्या निम्म्यामुळे. मूळ ॲडव्हान्सच्या ८० पट. म्हणून दुय्यम हक्कांच्या (साधी बांधणी, भाषांतर वगैरे) वाटणीचा तक्ता करारात शेवटी असतो तरी आधी वाचावा.

पाणवठा
पण असं किती जणांचं होतं, टाचणीताई? त्या गोष्टीने नोकरी सोडणारे मी दोघं पाहिलेत. ब्रिटनमध्ये २०२२ साली लेखकांच्या मिळकतीची पाहणी झाली. लेखनातून मिळणारी मध्यम वार्षिक मिळकत ७,००० पौंड, म्हणजे निम्म्यांची याहूनही कमी. २००६ मध्ये हाच आकडा १२,३३० होता. हे नवखे नाहीत, लेखन हेच ज्यांचं मुख्य काम आहे अशी माणसं आहेत.

टाचणी
मान्य. मी वाटणीबद्दल बोलत होते, नोकरी सोडण्याबद्दल नाही. पण तुमचा आकडा इथे यायलाच हवा होता.

पानगळ
म्हणजे माझ्या मैत्रिणीचं उदाहरण अपवादातच जमा. तिचा ॲडव्हान्स अडीच लाख डॉलरच्या जवळपास होता.

सांजवात
हो, तो फार वरचा थर. पेंग्विन रँडम हाउस ही बडी प्रकाशन कंपनी सायमन अँड शुस्टर ही दुसरी कंपनी विकत घेणार होती, तो व्यवहार अमेरिकेतल्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अडवला. त्या खटल्यात 'खपतील अशी अपेक्षा असलेली पुस्तकं' कोणती, तर अडीच लाख डॉलर आणि वरच्या ॲडव्हान्सची, अशी रेघ मारली होती. खटल्याचं मूळच लेखकांच्या पैशात होतं: बोली लावणारे कमी झाले तर ॲडव्हान्स खाली येतील. सरकार पक्षाच्या बाजूने साक्ष द्यायला स्टीफन किंग स्वतः आला होता.

मीनाक्षी_व
कराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. प्रकाशक अमेरिकन आणि लेखक अमेरिकेबाहेरचा असेल, तर रॉयल्टीतून ३० टक्के कर तिथेच कापला जातो. दोन देशांत करविषयक तह असेल तर दर कमी होतो, पण आपोआप नाही. डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. सही केलेलं वर्ष सोडून पुढच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तो चालतो. पहिला हप्ता निघायच्या आधी एजन्सीकडे द्या. माझा उशिरा गेला आणि कापलेले पैसे सोडवायला वर्ष गेलं.

शाईवाली
मीनाक्षीताई, फॉर्मचं नाव लिहून ठेवलं.

आणखी एक. एजंट म्हणत होती की कदाचित दोन पुस्तकांचा करार होईल. ते चांगलं ना?

दोनदा_छापलेली
चांगलं, पण दोन्हींचा हिशेब वेगळा आहे का ते बघा. 'एकत्र हिशेब' असेल तर दोन्ही पुस्तकांचा मिळून पूर्ण ॲडव्हान्स फिटेपर्यंत रॉयल्टी मिळत नाही. पहिलं धो धो चाललं आणि दुसरं पडलं, तर पहिल्याची कमाई दुसऱ्याचा खड्डा भरण्यात जाते. वेगळा हिशेब मागा. बहुतेक एजंट त्यासाठी भांडतात.

जुना_मुद्रितशोधक
आणि 'स्वीकारल्यावर' या शब्दाला मुदत हवी. बाड दिलं आणि संपादक पाच महिने बोललाच नाही, तर दुसरा हप्ता पाच महिने लटकतो. इतक्या दिवसांत लेखी कळवावं, नाकारलं तर कारणं द्यावीत, सुधारायला वेळ द्यावा, असं कलम घालून घ्या.

पाणवठा
मूळ प्रश्नाकडे येतो. शाईवालीताई, रजेचं काय ठरवताय? आणि एक सूचना, मी एजंटच्या विरुद्ध बोललो तरी मनापासून: प्रकाशकाने ८५ टक्के थेट तुम्हाला आणि १५ टक्के थेट एजन्सीला पाठवावे, असंही करता येतं. विचारून बघा.

शाईवाली
आठ दिवसांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

एजंटला सगळं विचारलं, इथली यादी समोर ठेवून. ती जराही वैतागली नाही, उलट म्हणाली की बरेच लेखक हे दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी विचारतात. लेखकांच्या पैशांचं खातं वेगळं आहे. तिने ते करारात लिहून दिलं, शिवाय पैसे आल्यापासून १० दिवसांत माझ्याकडे पाठवायची अटही घातली. पाणवठा, तुमची विभागून द्यायची सूचना तिने लगेच मान्य केली. वाचनखर्च वगैरे काही नाही. भाषांतराचे हक्क शक्य तोवर राखून ठेवायचे असं ठरलं, पण प्रकाशकाने ॲडव्हान्स वाढवला तर तेव्हा बोलू.

रजा घेत नाहीये. हिशेबनीसांचे १०,२०० दोन वर्षांवर पसरलेले बघितले आणि घरी बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं. पुनर्लेखन पहाटे करीन, चार वर्षं तसंच केलं. पहिला हप्ता हातात आला की एक महिन्याची रजा, तेवढी मात्र घेणारच.

घरच्यांना आता सांगता येतं: एजंट काही देत नाही, ती मिळवून देते.

कोरा_कागद
फार आनंद झाला ताई. आजीला बोलायला लावणार आहात का?

शाईवाली
नाही. एजंटचंही तेच मत. बाकी १८ पानं कापायची आहेत. बाड पुढच्या महिन्यात १४ प्रकाशकांकडे जाईल.

कोरा_कागद
त्या १४ नावांची यादी मागून घ्या. कधी पाठवलं, काय उत्तर आलं, सगळं.

शाईवाली
पहिल्याच फोनवर मागितली, तुमची आठवण ठेवून. काल आली. १४ नावं आहेत, प्रत्येकापुढे संपादकाचं नाव आणि तारखेसाठी रिकामा रकाना.